कापलेल्या फोटोतला हात : घरातल्या जुन्या फोटोंवर काम करावं का?

पाखाडी
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. आजी गेल्यापासून बंदच असतं, गणपतीला उघडतो तेवढंच. यंदा मे महिन्यात माळा साफ करायला काढला तर पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक ग्रुप फोटो मिळाला. जाड कागदावरचा, चौकटीतून कधीतरी काढून ठेवलेला, कडेने कसर लागलेली. अंगणात मागे चादर टांगलीय, पुढे खुर्च्यांवर पणजोबा नि त्यांचे भाऊ, बायका मागे उभ्या, पोरं खाली. माझे आजोबा दोन-अडीच वर्षांचे, स्टुलावर उभे केलेले, म्हणजे साधारण १९३४ चा असावा.

आणि आजोबांच्या मागे जिथं माणूस असायला हवं तिथं भोक आहे. फाटलेलं नाही, कात्रीने नीट कापलंय, डोक्यापासून खाली पायापर्यंत माणसाच्या आकाराचं. राहिलाय तो फक्त हात, मनगटापासून पुढचा. चार बोटं आजोबांच्या खांद्यावर, अंगठा मागे गेलेला, मनगटात बांगडी नाही. कात्री तिथवर येऊन वळलीय आणि हाताच्या कडेकडेने गेलीय.

घरात विचारलं तर काका म्हणाला पणजोबांची एक विधवा बहीण होती, माईआत्या म्हणायचे तिला, सोवळी. ग्रुप फोटोत सोवळी बाई नको म्हणून कुणीतरी कापली असेल. असेल म्हणे! आजोबांना लहानाचं मोठं तिने केलं हे मात्र सगळ्यांना माहीत.

मी कापडावर भरतकाम आणि प्रिंट मिळून काम करते. मला हा फोटो कापडावर छापून त्या भोकाच्या कडेने आलवणाच्या, म्हणजे सोवळ्या बायका नेसायच्या त्या लुगड्याच्या, रंगाच्या धाग्याने टाका घालायचाय, म्हणजे तिची जागा दिसेल. काकाला हे कळलं तर तो इतका भडकला की दोन दिवस बोलला नाही. मेलेल्यांच्या फोटोवर सुया टोचणार का म्हणाला. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. तुम्हाला काय वाटतं? असं काम करावं का, आणि करायचा हक्क नक्की कुणाचा?

देवगडचो झील
पाखाडीताय, वाचून अंगार काटो इलो. ता मनगट डोळ्यांसमोरसून जायना.

नाना_गुहागर
काकांचं बरोबर आहे असं मला वाटतं, राग मानू नका. घरातला फोटो आणि देव्हारा यात मी फार फरक करत नाही. पितृपक्षात त्याच फोटोंसमोर पान वाढतो ना आपण? तुम्हाला कला करायची तर कागद, कापड, कॅनव्हास काय कमी आहे? आणि प्रदर्शनात टांगल्यावर येणारा-जाणारा बघणार, आपल्या घरातल्या बाईचं दुःख चारचौघांत.

निळी शाई
नानांशी आदरपूर्वक असहमत. घरच्या फोटोंवर काम करणारे मोठे चित्रकार आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ते घरच्या दुःखाचं काय करायचं हे न कळल्यामुळेच केलंय.

आपल्याकडे विवान सुंदरम. अमृता शेरगिल त्यांची सख्खी मावशी. ती १९४१ ला लाहोरला वयाच्या २८ व्या वर्षी गेली आणि विवानचा जन्म १९४३ चा, म्हणजे मावशीला त्यांनी पाहिलंच नाही. पण त्यांचे आजोबा उमरावसिंग यांनी आयुष्यभर स्वतःचे, बायकोचे नि मुलींचे फोटो काढून ठेवले होते. २००१-०२ मध्ये विवाननी ते फोटो कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळले, वेगवेगळ्या सालातली, वेगवेगळ्या गावातली माणसं एका खोलीत आणली, आरशात भलतंच कुणी दिसतं असं केलं. बघताना आधी फोटो खराच वाटतो, मग कळतं की ही दोघं या वयात एकत्र असणं शक्यच नाही.

दुसरे गेरहार्ड रिष्टर, जर्मन. १९६५ साली त्यांनी मारिआने नावाच्या मावशीचं चित्र रंगवलं, घरातल्या साध्या फोटोवरून. चौदा वर्षांची मुलगी आणि तिच्या पुढ्यात तान्हं बाळ, ते बाळ म्हणजे स्वतः रिष्टर. पुढे या मावशीला मानसिक आजार झाला, नाझींनी तिची नसबंदी केली आणि नंतर इस्पितळात मारून टाकली. त्याच वर्षी त्यांनी रुडी मामाचंही चित्र केलं, नाझी सैन्याच्या गणवेशात हसणारा. एकाच घरात दोन्ही! चित्र ओलं असतानाच कोरड्या ब्रशने पुसायचे, त्यामुळे चेहरे धूसर.

पाखाडी, तुझा फोटो वाचल्यावर मला पहिलं ते मावशी-बाळाचंच चित्र आठवलं. मुलाला धरणारी बाई आणि पुढे तिचं काय झालं हे फोटोत नसणं.

धाग्याचं म्हणशील तर कारोल बेनिता बघ, कॅसाब्लांकात जन्मलेली फ्रेंच फोटोग्राफर. स्वतःच्या लहानपणीच्या फोटोंवर लाल धाग्याने आणि मण्यांनी भरतकाम करते. तुझं काम तिच्याजवळ जाणार हे धरूनच चाल, पण आलवणाचा रंग तिच्याकडे असणं शक्य नाही.

आगोट
आलवण म्हणजे लालच ना? की तपकिरी?

पाखाडी
तांबडंच, पण कुंकवाचं नाही, मळकट विटकरीकडे जाणारं. ट्रंकेतलं लुगडं तेच होतं बहुतेक, ज्यात फोटो गुंडाळला होता. लिहिताना आत्ता लक्षात आलं.

फोटोवाले काका
मी रत्नागिरीत चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, आता मुलगा बघतो. नानासाहेब, घरचा फोटो पवित्र वगैरे ठीक, पण माझ्या हातून गेलेल्या फोटोंपैकी काहीतरी बदल न केलेला एकही नसेल हे तुम्हाला सांगितलं पाहिजे.

निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड, आणि सुईसारखं टोक केलेल्या कडक पेन्सिलीने काम करायचं. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की प्रिंटमध्ये तिथं उजळ येतं, ब्लेडने खरवडलं की काळं. देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्याखालची काळी वर्तुळं सगळं पेन्सिलीने जायचं. कुंकू लावायचं तर उलटं, ब्लेडच्या टोकाने टिंबाएवढं खरवडायचं. नवरा गेल्यावर बाया यायच्या, म्हणायच्या माझा एकटीचा फोटो आहे त्याला कुंकू लावून द्या आणि शेजारी ह्यांना बसवा. संसारात दोघांचा एक फोटो काढायला कधी सवड नाही मिळाली, पैसेही नव्हते. मग जोडफोटो करायचा. दोन प्रिंट एका मापाचे काढायचे, धारदार ब्लेडने आकृती कापायची, कडा मागून बारीक पॉलिश पेपरने घासून पातळ करायच्या, चिकटवून सांधा ब्रशने मारायचा आणि पुन्हा त्याचा फोटो काढायचा. ओळखायचं कसं? नाकाची सावली बघा. नवऱ्याची डावीकडे आणि बायकोची उजवीकडे असली की समजा हे दोघं एका उजेडात कधी बसलेच नाहीत.

मेलेल्या माणसाचा फोटो आणून डोळे उघडून द्या म्हणायचे, तेही केलंय. लहान मूल असलं की हात थरथरायचा.

कुणाला कापून टाका म्हणूनही यायचे. भावाभावांचं वाटप झालं की हमखास. त्याचे पैसे मी घेत नसे, का ते आजही नीट सांगता येत नाही.

देवगडचो झील
काकानु, आमच्याकडे जोडफोटोची वेगळीच गजाल झाली. थोरल्या काकाच्या लग्नाक मामा रुसून येवक नाय म्हणान मागाहून स्टुडिओत सांगून फोटोत चिकटवलो. फोटो घराक इलो नि बघतत तर मामा आधीच मागच्या रांगेत उभो! म्हणजे गुपचूप येऊन जेवून गेललो. आता भिंतीर मामा दोन आसत, एक रुसललो नि एक जेवललो.

आगोट
देवगडकर 😄😄 हा फोटो इथं टाकाच.

खाडीकाठ
माझा अनुभव वेगळा आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी आमच्या पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत आलं. तळमजल्यावरच्या कपाटात अल्बम होते, सगळे. पाणी ओसरल्यावर दोन दिवसांनी हात लागले तेव्हा पानं एकमेकांना चिकटून चिखलाची वीट झाली होती. बायको म्हणाली टाकून दे, घरात अन्नाचा दाणा नाही नि तू फोटो धुतोस. पण मी बसलो. गार पाण्याच्या घमेल्यात एकेक सोडवत. रंगीत फोटोंचा रंगच सुटतो पाण्यात, आधी गुलाबी नि मग पिवळा, आणि बोट लागलं की तेवढा चेहरा बोटाला येतो. आईचा चेहरा असा माझ्या अंगठ्यावर आला होता. तो अंगठा मी कितीतरी वेळ पाण्यात घातला नाही.

आईवडिलांच्या लग्नाच्या फोटोत आता वडिलांचा फेटा, मुंडावळ्यांची एक सर आणि आईचा मेंदीचा हात एवढंच दिसतं, बाकी सगळा ढग. मी तो तसाच फ्रेम केलाय. पाहुणे म्हणतात मुलाकडून कॉम्प्युटरवर दुरुस्त करून घे, एआयने होतं आता. मला नको. तो चेहरा कॉम्प्युटरने बनवलेला असेल, आईचा नसेल.

नंतर वाचलं की जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर लोकांनी असे लाखो फोटो गोळा करून धुतले, मालकांना परत दिले आणि जे ओळखण्यापलीकडे गेले होते त्यांचं प्रदर्शन केलं. वाचताना वाटलं आपल्याकडे बाजारपेठेच्या रस्त्यावर फोटोंचे ढीग पडले होते ते डंपरमध्ये गेले.

कुणावर वेळ आली तर सांगून ठेवतो, चिकटलेले फोटो वाळवून सोडवायला जाऊ नका, ओलेच ठेवा नि स्वच्छ गार पाण्यात सोडवा. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

रेवसकर
धूसर चेहऱ्यावरून आठवलं. माझे आजोबा रामदास बोट बुडाली त्यात गेले. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, गटारीची माणसं घरी चाललेली. सहाशेच्या वर गेले. आजोबा मिळाले नाहीत. मागे फोटो म्हणून काय तर कारखान्यातला एक ग्रुप, त्यात आजोबांचं डोकं मुगाच्या दाण्याएवढं. ते मोठं करून हार घालायचा फोटो केला. मोठं केल्यावर डोळ्यांच्या जागी दोन डाग आणि मिशी आहे की सावली ते कळत नाही. पण आमच्या घरात आजोबा म्हणजे तेच. थोरली आत्या म्हणते डोळे घारे होते, धाकटी म्हणते काळेभोर, दोघीही फोटोकडेच बोट दाखवतात. दर गटारीला वाद होतो. मी आता मध्ये पडत नाही, त्या दोघींना तेवढीच आजोबांची गोष्ट बोलायला मिळते.

मंडणगडवाला
सगळं वाचतोय. एक बोलायचं होतं. तुमच्या घरांत १९३४ चे ग्रुप फोटो आहेत म्हणून त्यातून कुणाला कापलं याची चर्चा होऊ शकते. आमच्या वाडीत फोटोच नव्हते. माझ्या पणजोबांचा चेहरा कसा होता हे सांगणारं आज कुणी नाही.

आजोबा मुंबईत गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गावी आले ते कायमचे. ते वारल्यावर फोटो शोधला तर फक्त गेटपासवरचा. वडिलांनी तो तालुक्याला स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला आणि अंगातल्या सदऱ्यावर निळा कोट रंगवून घेतला, टायसकट. आजोबांनी जन्मात कोट घातला नव्हता. पण फोटो बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लागणार होता. पाहुणे विचारतात, साहेब होते का? वडील म्हणतात, होते.

मला लहानपणी लाज वाटायची की हे खोटं आहे. आता वाटत नाही. कोटाच्या कॉलरच्या आत बारकाईने बघितलं तर रंगाऱ्याचा ब्रश चुकून राहिलेली सदऱ्याची एक उसवलेली शिवण दिसते. मी ती रोज बघतो. कोटही आमचाच आणि शिवणही.

म्हणून पाखाडी, माझं मत: करा. पण जे बदललंय ते दिसू द्या.

निळी शाई
मंडणगडवाला, यावर काय लिहावं सुचत नाही. त्या शिवणीसाठी तरी तुमच्या घरी यावंसं वाटतंय.

नसीम_दाभोळ
आमच्या आपाच्या निकाहात अब्बा नव्हते. ते कुवेतला होते आणि २ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य घुसलं. पुढचे दीड महिने अब्बा जिवंत आहेत की नाही हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तारीख ठरलेली, अम्मी म्हणाली पुढे ढकलायची नाही. अब्बा नंतर अम्मानमार्गे विमानाने आले, लाखावर हिंदुस्थानी असेच आले तेव्हा. अंगावरच्या कपड्यांनिशी.

मग अम्मीने त्यांचा पासपोर्टचा फोटो देऊन निकाहाच्या फोटोत त्यांना बसवून घेतलं. सगळे आपाकडे बघतायत आणि अब्बा एकटे सरळ कॅमेऱ्यात, मागे पांढरी कड राहिलीय. आता गंमत अशी की म्हातारपणी अब्बा सांगायला लागले की मी होतो की निकाहाला, सांदणं काय मऊ झाली होती, मौलवीसाहेबांची टोपी वाऱ्याने उडाली होती. टोपी खरंच उडाली होती! अम्मीने सांगितलेलं सगळं त्यांनी स्वतःचं करून घेतलं. आम्ही कुणी खोडून काढलं नाही. कुवेतचं मात्र शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

अनघा_मानस
नसीमताई, तुमच्या अब्बांसारखंच २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं होतं. २० मोठ्या माणसांचे बालपणीचे फोटो घरच्यांकडून घेतले आणि त्यातला त्यांचा चेहरा गरम हवेच्या फुग्यात बसलेल्या फोटोत जोडला. त्यांच्यापैकी कुणी लहानपणी फुग्यात बसलेलंच नव्हतं. खऱ्या फोटोंबरोबर हाही दाखवून तीनदा मुलाखती घेतल्या, तर तिसऱ्या वेळेपर्यंत निम्म्या लोकांना ती सफर थोडी किंवा पूर्ण आठवायला लागली होती. काहींनी तर बारकावेसुद्धा सांगितले.

त्यामुळे मंडणगडवाल्यांचं म्हणणं मला पटतं. एआयने सफाईदार भोक बुजवलं तर पुढच्या पिढीला माईआत्या तश्शीच आठवेल जशी मशीनने काढली. टाका दिसतो, टाका खोटं बोलत नाही.

पण पाखाडी, धागा ओवायच्या आधी एक कर. तिला प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी अजून आहे का? असेल तर जा आणि विचार. फोटो एकदम पुढे करू नकोस, आधी नुसत्या गप्पा मार, म्हाताऱ्या माणसाला असा फोटो अचानक दाखवला तर झोप उडते, मी पेशंटमध्ये पाहिलंय. स्वतःहून म्हणाली दाखव तर दाखव.

नाना_गुहागर
अनघाताईंची सूचना योग्य. वरचे प्रतिसाद वाचून मी थोडा गप्प झालोय. मंडणगडवाल्यांच्या आजोबांना नमस्कार.

सोवळ्या बायकांचं म्हणाल तर आपल्या भागाने फार वाईट केलंय त्यांचं. १८९३ ला अण्णासाहेब कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. तेच गाव आता त्यांचं नाव अभिमानाने सांगतं. माझ्या घरातही एक होत्या. त्यांचा फोटोच नाही. न काढलेला फोटो आणि कापलेला फोटो यातलं काय जास्त वाईट मला ठरवता येत नाही.

आगोट
पाखाडी कुठे गेली? धागा पेटवून गायब.

पाखाडी
आले. रत्नागिरीला गेले होते, आत्येआजीकडे. आजोबांची धाकटी बहीण, आता पंच्याऐंशीच्या घरात, कानाने कमी पण बाकी खणखणीत. अनघाचं ऐकलं, फोटो पिशवीतच ठेवला. आधी आमसुलं, मग पावसाचं, मग माळ्यावरच्या ट्रंकेचं. ट्रंक म्हटल्यावर तीच म्हणाली, त्यात माईआत्याचं लुगडं असेल बघ. आणि तो फोटो. मिळाला का?

मी म्हटलं मिळाला, पण कुणी कापला गं तिला?

म्हणाली, कुणी कशाला कापेल, तिनंच कापला.

मला आधी कळेचना. आत्येआजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती, म्हणजे १९५० च्या आसपास. माईआत्या पडवीत उजेडाला बसली, शिवणाची कात्री घेऊन, चौकट उघडून. हिने विचारलं काय करतेस, तर म्हणाली, बोडकी आहे मी यात. असं कुणी बघायला नको मला. सावकाश कापत होती, मध्ये मध्ये चष्मा पुसत. कापून झालं तो तुकडा उठून चुलीत घातला. मग हिने विचारलं, हात राहिला की तुझा. तर म्हणाली, तो कापायचा तर बाळ्याच्या खांद्याला कात्री लागते, त्याला कशी लावू?

बाळ्या म्हणजे माझे आजोबा.

मी फोटो काढून दाखवला तेव्हा आत्येआजीने बाकी कुणाकडे बघितलंच नाही, करंगळीवर बोट ठेवून म्हणाली, ही वाकडी होती, विळीवर कापली होती. भिंगातून बघितलं तर खरंच वाकडी आहे. इतके दिवस बघत होते मी, दिसली नव्हती.

तर आता आलवणाच्या धाग्याने तिचा आकार काढायचा बेत मी सोडून दिलाय. तिला तो आकार नको होता. आम्ही तिच्यावर अन्याय झाला म्हणून रडत होतो, आणि अन्याय झालाच, पण कात्री तिच्या हातात होती हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. काकाला फोन केला. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, हाताचं काय करणार आहेस?

हाताचं करणार आहे. फक्त खांदा आणि चार बोटं, खूप मोठी करून सुती कापडावर छापायची, आणि बाकी कापड मोकळं. टाका घातला तर करंगळीला एकच. मूळ फोटो परत लुगड्यात.

फोटोवाले काका
मूळ फोटोला अॅसिड नसलेला कागद लावून मग लुगड्यात गुंडाळ, नाहीतर कापडाचा रंग उतरतो दमट हवेत. ट्रंक माळ्यावर नको, वर पत्रा तापतो. आणि हात मोठा करायचा तर मोबाईलने फोटो काढू नकोस, माझ्याकडे घेऊन ये. चांगल्या स्कॅनरवर करून देतो. पैसे नकोत.

मंडणगडवाला
करंगळीचा टाका बघायला येणार, कुठेही असलं तरी.

देवगडचो झील
माकाय सांग गो. मामांचो फोटो घेऊन येतंय.

नाना_गुहागर
पाखाडीताई, एक विचारायचं होतं. त्यांचं नाव काय होतं?

पाखाडी
नाना, हे मीही विचारलं. आत्येआजीला आठवत नाही. काकाला माहीत नाही. सगळे माईआत्याच म्हणायचे. चहा गार होईपर्यंत आत्येआजी आठवत बसली होती, शेवटी म्हणाली द-वरून होतं काहीतरी.

नाना_गुहागर
त्या काळात विधवा बायका यात्रेला जायच्या घरच्यांबरोबर. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावागणिक घराण्यांची नोंद असते, बरोबर कोण आलं होतं तेही कधीकधी लिहिलेलं सापडतं. मला मार्गशीर्षात तिकडे जायचंच आहे. मूळ गाव, आडनाव आणि पणजोबांचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बसून शोधतो.